आक्काताईची चिंतकाय

आमच्या आक्काताईला, म्हणजे माझ्या बायकोला, चिडवायचं असेल तर तिच्या चटणीला पचडी म्हणावं. पचडी म्हणजे लग्नाच्या पंगतीतली, काकडी-गाजराची. तिची ती पच्चडी, चिंतकाय पच्चडी. कोवळ्या हिरव्या चिंचेची तेलुगू चटणी. मी फौजेत हवालदार असताना सिकंदराबादच्या क्वार्टरमध्ये शेजारी नागम्मा होती, तिच्याकडून ही ती शिकली. नागम्माला मराठी येत नव्हतं, हिला तेलुगू येत नव्हतं, तरी दोघी दुपारभर बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्र्याण्णव साली मी पेन्शनीत निघालो आणि रहिमतपूरला येऊन घर बांधलं. आमच्या लोकांच्या वस्तीत नाही, पेठेच्या कडेला. आम्ही बौद्ध, आणि त्या गल्लीत आमचं तसं एकच घर. कुणी काही वावगं बोललं नाही, हेही सांगायला हवं. शेजारच्या विजयमालावहिनी तर महिला मंडळाच्या अध्यक्षा, रोज भिंतीवरून आक्काताईशी गप्पा मारायच्या. चटणीचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "चिंता काय? बरं नाव हाय की." तेव्हापासून गल्लीत तेच नाव झालं.

ही चटणी मार्गशीर्षातली. चिंचोका अजून मऊ असायला हवा, नख लावलं की तुटला पाहिजे. कोरेगाव रस्त्याच्या झाडाच्या चिंचा मी काठीनं पाडायच्या आणि हिनं एकेक पुसून घ्यायची. पाण्याचा थेंब राहिला तर बोलणी मला. मीठ-हळद घालून उखळात कांडायची, बरणीत मुरवायची, मग शिरा नि बिया काढून हिरवी मिरची, भाजलेल्या मेथ्या आणि वरून चवीपुरतं मीठ घालून पाट्यावर वाटायची. वर हिंग-मोहरीची फोडणी. घास घेतला की एक डोळा आपोआप मिटतो. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत अशी चटणी दुसऱ्या कुणी करून दाखवली तर मी मिशी उतरवीन, असं मी तेव्हा म्हणायचो. अजूनही म्हणतो.

दर वर्षीची पहिली वाटी विजयमालावहिनींना. भिंतीवरून जायची, दुसऱ्या दिवशी स्वच्छ घासून, शेंगा घालून परत यायची. सोबत निरोप, "लय छान झालती." आक्काताई त्या दिवशी खुशीत असायची.

तिसऱ्या थंडीत रंगुबाई आमच्याकडे आली. ही वस्तीतली, विजयमालावहिनींकडं भांडी घासायची. आक्काताईनं तिला भाकरी वाढली, कडेला चटणी घातली. रंगुबाईनं घास घेतला आणि हसली.

"ही तर माझ्या वळखीची हाय," ती म्हणाली. "वैनी मलाच देत्यात की. वाटीच्या वाटी. परवा तर बेबीनं माझ्या भाकरीवरची वढून खाल्ली."

बेबी म्हणजे वहिनींची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली.

"मग वैनी काय म्हणाल्या?" आक्काताईनं विचारलं.

"काय न्हाई. गप बसल्या. पर बेबी आता रोज मागती."

आक्काताईनं तिला आणखी थोडी वाढली आणि विषय बदलला. रंगुबाई गेल्यावर माझं डोकं फिरलं. चप्पल पायात घातली, म्हणालो, "जाऊन विचारतोच." 

"बसा खाली," ती म्हणाली. "बिचाऱ्या रंगुबाईचं काम जाईल. आन् तुमचा बंदोबस्त बार्डरवर झाला, हितलं मी बघती."

जरा वेळानं म्हणाली, "आवं, दोन वर्सं माझी चटणी मागल्या दारानं गेली." डोळ्यांत पाणी नव्हतं. पाठ मात्र ताठ झाली होती, आणि ती पाठ मी ओळखतो.

दोनच दिवसांत वहिनी उंबऱ्याशी आल्या. आत आल्या नाहीत.

"आक्काताई, बेबीला डोहाळं लागल्यात. तुमची ती चिंता-काय कशी करायची तेवढं सांगा. मी घरी करती."

म्हणजे कृती आमच्या घरची चालत होती, आमच्या हातचं नाही. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो, खाली केला असता तर बोललो असतो.

"वैनी, ही तोंडानं सांगून येत न्हाई," आक्काताई शांतपणे म्हणाली. "हाताखाली बसाया लागतंय. बरणी मुरलीया. उद्या बेबीला घिऊन या, हितंच वाटू आन् हितंच भाकरी खाऊ."

"बघती," म्हणून वहिनी गेल्या.

"येणार न्हाईत," मी म्हणालो. "पोरीपुरती दे की वाटीत घालून."

"पोरीचं मला बी वाईट वाटतंय. पर माझ्या घरात बसून खाल्ली तर खाल्ली. वाटी आता भिंतीवरनं जायाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. बेबी पुढं, पोट सांभाळत, सरळ पाटावर बसली. वहिनी जरा अवघडून शेजारी टेकल्या. आक्काताईनं वरवंटा त्यांच्या हातात दिला. बाई वाटायला पक्की होती, हे कबूल करतो. पदर खोचला आणि असं वाटलं की मेथीचा दाणा सापडू नये. मी दाराशी सुपारी कातरत होतो, म्हणजे कातरण्याचं नाटक करत होतो.

वाटण झालं. आक्काताई म्हणाली, "मीठ बघा."

वहिनींनी वाकून पाट्यावर बघितलं. "बरोबर दिसतंय."

"मीठ डोळ्यांनी बघत्यात व्हय, वैनी?"

तिनं बोटभर चटणी उचलली, हात पुढं केला आणि तसाच धरला. बेबी आईकडं बघत होती. मला वाटलं, बाई आता उठली तर जन्मात परत या घरात यायची नाही, आणि आम्हाला त्या भिंतीला भिंत लावून उरलेलं आयुष्य काढायचं. आक्काताईचा हात जरासुद्धा हलला नाही.

वहिनींनी तळहात पुढं केला. चटणी घेतली, जिभेवर ठेवली. एक डोळा मिटला. टाळूला जीभ लावून त्या म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

माझी सुपारी हातातून पडली. दोन वर्षांनी तोंडात घातली, आणि पहिला शब्द काय तर खोड.

"बरोबर हाय," आक्काताई म्हणाली. "परत बघा."

त्यांनी परत बघितलं. "न्हाई बया, कमीच हाय."

"भाकरीसंगं बघा."

बेबी एव्हाना निम्मी भाकरी संपवून बसली होती. वहिनींनी ताटात हात घातला. चांगली अर्धी भाकरी खाऊन होईपर्यंत दोघी मिठावरून भांडत होत्या. मधेच वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "आधीच खायाला पायजे हुती." आक्काताईनं त्यांच्या ताटात तेल वाढलं.

त्या गेल्यावर मी चटणी चाखली आणि चपापलो. "अगं, मीठ खरंच कमी हाय."

"कमीच घातलंय," ती म्हणाली. "न खाताच छान म्हणत्यात का खरंच खात्यात, कळाया नगं?"

मी बावीस वर्षं फौजेत घालवली, साहेब लोकांचे डावपेच जवळून पाहिले, पण असला एकही पाहिला नव्हता. बायकोचा मला फार अभिमान वाटला. तिनं चिमूटभर मीठ घेतलं, पाट्यावरच्या चटणीत कालवलं आणि मला बरणी पुसून आणायला सांगितली.