शालीवरचा बेडूक

म्युझियमच्या शिवणवर्गात त्या बाईनं लाल कापडातून बेडूक कापला आणि माझी सुई थांबली.

बेडूक आमच्या घराण्याचा. कॅनडाच्या या बेटावरच्या आम्हा हैदा लोकांमध्ये समारंभाच्या, शिंपल्याची बटणं जडवलेल्या शालीवर ज्यानं त्यानं आपल्याच कुळाचं चिन्ह लावायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही कोरीन तर बोटीनं मुख्य भूमीवरून आलेली, कुणाची कोण पत्ता नाही. बाकीच्या पाहुण्या बायका मुकाट्यानं फुलंपानं शिवत होत्या.

"मावशी, बघतेस ना?" शिकवणाऱ्या डेल्फीनमावशीला मी कोपऱ्यात गाठलं.

"बघते."

"मग विचार की! उद्या व्हँकुव्हरच्या दुकानात विकायला टांगेल ही."

"तूच विचार. तुझी जीभ काय झिजलीय?"

एवढं म्हणून मावशी उगाच दोरा गुंडाळत बसली. हिला काहीतरी ठाऊक असणार.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या. कोरीन मात्र काचेआडच्या आमच्या आजीच्या शालीसमोर उभी राहून फोनवर फोटो काढत होती. मी सरळ पुढ्यात गेले.

"कुणासाठी शिवताय?"

ती दचकली. "नवऱ्यासाठी. त्याच्या आईच्या थडग्यावर दगड बसवतात, त्या जेवणाला घालायला."

"कोण नवरा?"

"वेंडल."

माझा भाऊ. आईच्या मातीलाही न आलेला. लग्न केल्याचं कानावर होतं, बायको कधी पाहिली नव्हती.

"नाव कुणीही सांगेल," मी म्हटलं. "माशाच्या अंड्यांचा वास आला की काय करतो तो?"

"नाक दाबून घराबाहेर पळतो. म्हणतो, व्हर्नानं लहानपणी जबरदस्तीनं चारली."

चारली होती खरी मी.

"मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं मी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण तुम्हाला कळलं तर हाकलून द्याल, असं तो म्हणाला."

"आणि स्वतः कुठे दडलाय?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर आवारात एक जुनी गाडी उभी होती, काचा वर केलेल्या.

मी बाहेर जाऊन काचेवर टकटक केलं. आत वेंडल, केस पांढरे झालेले. काच बोटभर खाली आली.

"भांडायला आलीस?"

"ते जेवल्यावर. आधी उतर. तुझ्या बायकोनं बेडकाचे डोळे वाकडे लावलेत, अशी शाल घालून तू आईच्या जेवणाला जाणार नाहीस."

तो लगेच उतरला नाही. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला, माझा काही डाव आहे का ते ताडत. मग दार उघडलं.