कोयची बाजू

कम्युनिटी कॉलेजात संगीताच्या पदवीला जायचं मी ठरवलं, तेव्हा नेल्डावहिनी म्हणाली, "वर्गातली पोरं तुला आजी म्हणतील, आर्डिथ."

म्हणू देत. शाळेच्या खानावळीत पोरांना वाढण्यात माझा जन्म गेला, पोरांना मी भीत नाही. मला गायचं होतं आणि सोबत गायला माणसं उरली नव्हती. कॉलेजच्या गायनवृंदात पदवीच्या विद्यार्थ्यांनाच घेतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमच्या डोंगरावरच्या चर्चमध्ये गाणं म्हणजे चारी बाजूंना बाकं, तोंडं एकमेकांकडे. ऐकायला कुणी येत नसे, येईल तो गायचा. पपा खर्जात, डोवीताई सगळ्यात वरच्या सुरात, भाऊ कोय, नेल्डाचा नवरा, टेनरच्या म्हणजे पुरुषांच्या चढ्या आवाजाच्या बाकावर आणि त्याच्या बरोबर समोर आल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात, मी. प्रत्येक बाकाचे सूर वेगळे, त्याला आम्ही बाजू म्हणतो. गाण्याची चाल असते ती टेनरकडे. आल्टोच्या वाट्याला दोन-चार सूर, तेच धरून बसायचे. आपली बाजू सोडून दुसऱ्याची गायची नाही, हा पपांचा दंडक. मी भांडी घासतानासुद्धा तो मोडला नाही.

आधी पपा गेले, मग डोवीताई. या हिवाळ्यात कोयही गेला, आणि चर्चला कुलूप लागलं.

कॉलेजात प्रवेशाआधी गाऊन दाखवावं लागतं. टॉलिव्हर सर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "आवडीचं कुठलंही एक गाणं म्हणा."

मी म्हटलं. आमच्या रीतीप्रमाणे आधी नुसते सूर, फा सो ला, मग शब्द. मध्ये एका ठिकाणी बाकीच्या बाजू एकामागून एक शिरतात आणि आल्टो थांबते. तिथं मी थांबले, हातानं ताल देत. सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. माझी पाळी आली तशी पुन्हा सुरू झाले.

"छान," सर म्हणाले. "ही साथ झाली. आता गाणं म्हणा."

"हेच गाणं आहे."

"पण याची चाल कुठाय?"

"चाल भावाकडे असते."

"मग त्यांना घेऊन यायचं होतंत!" सर हसले.

"तो गेला, सर. हिवाळ्यात."

बिचारे लालबुंद झाले. मलाच त्यांची दया आली. मग हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारी परत या. पण चाल तुम्हालाच गावी लागेल. इथं प्रत्येकाला एकट्यानं गाऊन दाखवावं लागतं. त्याशिवाय मला घेता येणार नाही."

घरी परतताना वाटलं, झक मारली आणि इथं आले. दुसऱ्या दिवशी नेल्डाच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो होतो. तिला सांगून टाकलं, "मला कोयची बाजू गावी लागणारे."

"मग गा की. तो काय येतोय ओरडायला?"

मी तोंड उघडलं. शिकावी लागलीच नाही. आयुष्यभर समोरून ऐकलेली चाल, सगळी वळणं घेऊन आपोआप आली. नेल्डाचे हात थांबले.

"तिथं तो घाई करायचा," ती म्हणाली.

"माहितेय. पपा डोळे वटारायचे."

"तूही केलीस."

"त्याच्याकडूनच ऐकलीय ना मी!"

तिनं ॲप्रनला हात पुसले. "परत म्हण."

परत म्हटलं, आणखी एकदा म्हटलं. मग ती उठून ओसरीवर गेली. जाळीच्या दारातून तिचे खांदे हलताना दिसत होते. मीही शेंगांच्या पातेल्यात बघून पोटभर रडून घेतलं. शुक्रवारपर्यंत तिनं मला रोज गायला लावलं.

शुक्रवारी मी कोयची चाल म्हटली. सर म्हणाले, "उत्तम. एका जागी लय पळते, तेवढं सुधारू. तुमचा प्रवेश पक्का, गायनवृंदात आल्टोत बसा."

ती पळणारच, मी मनात म्हटलं. ते मी सुधारू देणार नव्हते.

नेल्डा गाडीत वाट बघत होती. "काय झालं?"

"घेतलं."

"देवाची कृपा!" तिनं गाडी काढली. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "आता तुझी बाजू म्हण ना. त्याच्या समोर बसून म्हणायचीस ती."

मी सुरू केलं. कोयची चाल आली. थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याचीच. पहिला सूर कुठला तेच आठवेना. इतकी वर्षं मला तो कधी आठवावा लागलाच नव्हता. समोरून कोय सुरू झाला की तो आपसूक यायचा. डोळे मिटले, समोर त्याला बसवलं, तरी येईना.

नेल्डानं गाडी कडेला घेतली आणि माझा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "त्याची आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "पण त्याच्या समोर आता कुणीच नाही."