ढब्बू

थोरलीने काढलेल्या अक्षरांना चक्क पोटं होती. म ढेरपोट्या, ग आखूड पायांचा, डोक्यावरची रेघ कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मध्येच लोंबलेली, आणि ळच्या दोन पोकळ्यांत दोन टपोरे डोळे. जाड मार्करने सुट्टीभर गिरवलेले ते कागद काकांनी पाहिले. काकांचं बोर्ड छापायचं दुकान. त्यांनी एका ओळखीच्याकडून त्या अक्षरांचा फॉन्ट करून घेतला आणि त्याचं बारसंही केलं: ढब्बू.

मग काय, आइस्क्रीमची गाडी, खेळण्यांचं दुकान, फुगेवाला, ज्याला त्याला ढब्बूच हवा. शाळेत जाता-येता थोरलीची मान अशी ताठ, जणू अख्खा रस्ता तिच्याकडे बघून हसतोय. आणि तो हसतच होता.

चार वर्षांच्या धाकटीला वाचता येत नव्हतं, पण ढब्बू बरोबर ओळखायची. तो खेळ थोरलीनेच काढलेला. ढब्बू दिसला की ‘सापडलं’ म्हणायचं, मग तिथे जे असेल ते मिळणार. धाकटीने हे वेड बालवाडीभर लावलं. सुटल्यावर सगळी पलटण बोटं रोखून ‘सापडलं, सापडलं’ करते, अशी बाईंनी लटकी तक्रार केली, तेव्हा थोरलीला आकाश ठेंगणं झालं.

त्या दुपारी ती काकांच्या दुकानात डोकावली, तर टेबलावर एका बोर्डाचा नमुना पडलेला. पिवळ्यावर लाल, टुणटुणीत अक्षरं: धोका. खोल पाणी. जवळ येऊ नका.

बालवाडीमागच्या जुन्या खाणीचा तो बोर्ड सकाळीच लावून झाला, असं काका कौतुकाने सांगत होते. दगड काढून काढून खोल झालेली ती खाण पाण्याने गच्च भरलेली होती.

"कवटीवाले बोर्ड कोण बघतं गं? तुझी अक्षरं कशी, लांबूनच बोलावतात."

ती हसली. मग ते हसू ओठांवरच थिजलं.

"कुणाला बोलावतात, काका?"

उत्तरासाठी ती थांबलीच नाही. घरी आई म्हणाली, धाकटी अंगणात खेळतेय की. अंगणात धाकटीची बादली होती. फाटक उघडं होतं.

खाणीच्या कुंपणाला खाली एक फट होती, लहान मूल सहज जाईल एवढी. थोरली पोटावर सरपटत आत गेली, बाही तारेत फाटली. बोर्ड कुंपणाच्या आत, अगदी काठावर रोवलेला. त्याच्याखाली धाकटी उकिडवी बसून हिरव्या, निपचित पाण्यात वाकून बघत होती.

थोरलीने हाक मारली नाही. दचकली तर पडेल. पाय न वाजवता गेली आणि मागून तिला घट्ट कवेत घेतलं.

"ताई, इथला खाऊ पाण्यात आहे का?"

एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने थोरली बोर्डावर चिखल थापत सुटली. म्हणजे आपल्याच लेकरांच्या तोंडावर. धोका बुजला, पाणी बुजलं. ‘जवळ’मधल्या ळचे डोळे मात्र चिखलातूनही टकामका बघत राहिले.

"पुसू नको ना," धाकटी रुसली. "बाकीचे पण येणारेत. मी सांगितलंय सगळ्यांना."

थोरलीने तिला उचललं आणि फटीकडे धावली. पायवाटेच्या वळणावरून एक चिमुकला आवाज आला, सापडलं. त्याच्या मागोमाग दुसरा.