ड्रम नसलेलं गाणं

दुपारी खाणीत सुरुंग उडाला की मांडणीतले पेले एकमेकांना लागतात.

कोरपन्याच्या रस्त्याला कापूस बोंडातून पांढरा निघतो. संध्याकाळपर्यंत कारखान्यांच्या धुळीनं तो सिमेंटच्या रंगाचा होतो.

जंगलाकाठी आवाज असतो तोवर माणूस निवांत. सगळं एकदम गप्प झालं की वाघ जवळ आहे समजून टिनाचा डबा बडवायचा.

हेमराजच्या आईनं त्याच्यापुढं कधी स्टीलचं ताट ठेवलं नाही. जेवायचं सोडून तो ताटच वाजवायचा.

असल्या गोष्टींतून चंद्रपुरात ‘सुरुंग’ हा रॉक बँड उभा राहिला. अश्विन गिटारवर, हेमराज ड्रमवर. दिव्यानी गायची, म्हणजे माईक तोंडात कोंबून ओरडायची. पोरं नाचायची, म्हातारे कानात बोटं घालायचे, आणि पुढच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, आमंत्रण त्याच म्हाताऱ्यांकडून यायचं.

दिवाळीच्या आधी हेमराजनं दिव्यानीला विचारून टाकलं, माझ्यासोबत संसार करशील का. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्यानंतर सराव संपला की ती अश्विनला घेऊन वेगळी बसू लागली. दार बंद. हेमराज अंगणात फेऱ्या मारायचा, बोटांनी कुंपण वाजवत.

शेवटी तीच बाहेर आली आणि, तिकडच्या बाया स्वतःबद्दलही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात तशी, बोलली. “तुह्या सवालाचं उत्तर गान्यात हाय. चामोर्शीकडच्या मंडईत म्हनतो. त्यात तुले वाजवाचं नाई.”

“मंग मी काय करू?”

“बस. पुरं आयक. तेवढंच करून दाखव.”

मंडईत ऊन कलत असताना ते गाणं आलं. आधीच्या तीन गाण्यांनी धूळ उडवली होती. मग दिव्यानीनं स्टूल ओढून घेतलं आणि अश्विन एकेक तार हळू सोडू लागला. हेमराजनं काड्या मांडीखाली दाबल्या आणि वर बसला.

बांधीत पानी उभं हाय,
हलवू नको रे पाय...

धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखा संथ असा तिचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. आधी लोक चुळबुळले. कुणीतरी ‘बॅटरी उतरली का?’ म्हणून हसलं. मग हसणं थांबलं. पाळणेवाला थांबला. जिलेबीच्या कढईजवळची गर्दी थांबली. लेकरंही थांबली.

सगळं गप्प झालं आणि हेमराजच्या पाठीवर काटा आला. त्याचा जन्म सिंदेवाहीकडच्या जंगलाकाठच्या गावातला. बापासोबत धानाच्या राखणीला त्यानं किती रात्री काढल्या होत्या! ही शांतता गाण्याची आहे हे त्याच्या डोक्याला कळलं तरी हातांना कळलं नाही. मांडीखालच्या काड्या कधी निघाल्या हे त्यालाही समजलं नाही.

धाड. धाड.

पुढं जे झालं ते चंद्रपूरच्या हॉलमध्ये झालं नसतं. मंडईच्या त्या गावात महिन्याभरापूर्वीच वाघानं सरपणाला गेलेली बाई नेली होती. दोन ठोके म्हणजे वाघ दिसला, असं तिथं ठरलेलं. माणसं उठली. बायांनी लेकरं उचलली. मंडईचे अध्यक्ष बापूराव स्टेजवर चढले, दिव्यानीच्या हातून माईक घेतला आणि कोणी इकडंतिकडं जाऊ नये म्हणून बजावू लागले. वाघ नाही हे अश्विन त्यांना पटवत राहिला, पण त्यांना वाघच जास्त पटत होता.

हेमराज काड्या धरून तसाच. तेवढंच करून दाखव, दिव्यानी म्हणाली होती. तेवढंच जमलं नव्हतं.

दिव्यानी त्याच्याकडं आली. पुढ्यातला लहान ड्रम तिनं स्टँडवरून उपसला आणि मांडीवर घेऊन त्याच्यासमोर फळ्यांवरच बसली.

“पुरं नाई झालं अजून,” ती म्हणाली.

“तू म्हनशील, तर आयकतो,” तो म्हणाला.

खाली पळापळ. बापूरावांचा आवाज, लेकरांची रडारड. माईक नाही, गिटार नाही. ती पुढं वाकून म्हणू लागली, आणि त्याला निम्मं कानानं, निम्मं ओठांवरून घ्यावं लागलं.

वाट दाखवू नको, ठाव हाय मले,
मी पायीच येतो तुह्या घरी.

या वेळी तो शेवटपर्यंत हलला नाही.

त्या दिवशी सकाळी चंद्रपूरहून गाडी निघाली, तेव्हा गाण्याला हा अंतरा नव्हता.