एक कळी राखण्याबाबत

विषय : यंदा एक कळी न खुडता राहू देण्याबाबत.
संदर्भ : मागील दोन वर्षांत खुडलेल्या माझ्या सात कळ्या.

मी शाओयाओ बोलतोय, औषधाच्या शेतातलं एक फुलझाड. परदेशातले लोक मला पिओनी म्हणतात आणि अंगणातल्या त्या मुदानलाही पिओनीच म्हणतात. आमच्यातला फरक त्यांना कळत नाही. त्यांच्या या अज्ञानाबद्दल मला फार आदर आहे. इथे बोझौ शहराच्या बाजूला मात्र शेंबडं पोरही सांगेल, की मुदान फुलांचा राजा आणि शाओयाओ प्रधान. प्रधान म्हणजे कामं करणारा.

चार वर्षांपूर्वी शरद ऋतूत शेताच्या मालकीण छू काकूंनी एका जुन्या मुळाचा कोंबासकट तुकडा काढून मला लावलं. माझी जागा शेताच्या पहिल्या ओळीत, अगदी अंगणाला लागून. त्यामुळे मुदानचे लाड मला बसल्या जागी दिसतात. फुलला की त्याच्यावर जुनी छत्री बांधतात, पाकळ्या भिजू नयेत म्हणून. थंडीत त्याला पेंढ्याचं पांघरूण मिळतं, मला मातीचा ढिगारा. लग्नात त्याला बोलावतात. मला माणसं एकमेकांचा निरोप घेताना हातात देतात.

त्याची कीर्ती कशाची, तर म्हणे एका सम्राज्ञीने भर बर्फात सगळ्या फुलांना फुलण्याचा हुकूम सोडला आणि एकट्या मुदानने तो मोडला. तिने त्याला हद्दपार केलं. नव्या गावी जाऊन तो असा फुलला, की आजही लोक गाड्या भरभरून त्याला बघायला जातात. हुकूम पाळणारे बाकीचे सगळे त्या थंडीत फुलले. त्यांची नोंद कुठेही नाही.

आणि मी काय करतो? बायकांच्या पोटात कळा आल्या की माझं मूळ उकळतात. पोटऱ्यांत गोळे आले की त्यात ज्येष्ठमध घालतात. मुदानच्या मुळाची सालही औषधात जाते, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. साल. फक्त साल.

आमच्या भागातल्या एका जुन्या वैद्याची गोष्ट सांगतात. त्याने मला, म्हणजे माझ्या पूर्वजाला, परसात लावलं, पानं चाखली, फुलं चाखली, काही गुण दिसेना, म्हणून दुर्लक्ष केलं. मग मी बाईच्या रूपात त्याच्या खिडकीखाली रडत बसलो. तेव्हा कुठे त्याच्या बायकोने माझं मूळ उकळून पाहिलं. दाद मागण्याची ही जुनी पद्धत. आता मला रडता येत नाही आणि लिहिता तर कधीच येत नव्हतं, म्हणून मी अर्ज कळीच्या रूपाने सादर करतो.

इथे औषधाच्या शेतात कळी दिसली की खुडतात, म्हणजे सगळी ताकद मुळात उतरते. पहिल्या वर्षी मी अर्ज केलाच नाही. दुसऱ्या वर्षी दोन केले, तिसऱ्या वर्षी पाच. सर्व अर्ज छू काकूंच्या अंगठ्याने आणि तर्जनीने जागेवर फेटाळले. यंदा शरदात मला खणून काढतील, सोलतील, उकळतील. फुलायला हाच एक वसंत उरला आहे.

त्यात काकूंच्या सुनेने, वेनशिउने, नवीन उद्योग काढला आहे. आधी खणलेल्या आमच्या मुळांची पांढरी पूड आणि मध घालून ती चेहऱ्याला लावायचं मलम करते. दहा-बारा दिवसांपूर्वी मुदानच्या शेजारी उभी राहून तिने सासूला विचारलं,

"आई, डबीवर चित्र कसलं छापू?"

"आत जे आहे त्याचं."

"आत मूळ आहे. लोकांना वाटेल मुळा आहे. तोंडाला मुळा कोण लावेल?"

"मग शाओयाओचं फूल छाप."

"फूल? चार बिघ्यांत एक तरी दाखवा! तुमचा अंगठा जिवंत ठेवतो का एखादं? वीस तारखेला छपाई आहे. तोवर दाखवलंत तर तेच छापते. नाहीतर हा मुदान आहेच की, राजबिंडा."

मुदानला कधी बोलावंच लागत नाही. आत मी आणि वर तो! मी त्याच दिवशी शेंड्याच्या दोन पानांआड आठवा अर्ज दाखल केला.

आज सकाळी काकू ओळीत शिरल्या. बांधावर शेजारचे शेतकरी दोउ हातात वाफवलेला पाव घेऊन उभे होते. काकूंनी माझी पानं बाजूला केली, कळी बोटांत धरली आणि थांबल्या.

"काय वहिनी, अंगठा दुखतो का?"

"नाही हो भावजी. सुनेला एक फूल हवंय."

"एकीला सोडलंत की उद्या सगळी रोपं मागतील. आणि मूळ बारीक भरलं की व्यापारी नाक मुरडतो, सून नाही मुरडत."

"तुम्ही आधी तो पाव संपवा, मग माझ्या शेतात तोंड घाला."

"बरं, पण खुडणार की नाही?"

काकूंनी कळीकडे पाहिलं. मग अंगणाकडे पाहिलं. छत्रीखाली मुदानच्या पाकळ्या गळायला लागल्या होत्या, आणि गळतानाही तो देखणाच दिसत होता, मेला.

"बघू," काकू म्हणाल्या.

पानं त्यांनी पुन्हा होती तशी कळीवर ओढली आणि पुढच्या रोपाच्या तीन कळ्या खुडल्या.

ही मंजुरी आहे की नुसतं लांबणीवर टाकणं, ते मला कळलेलं नाही. कळी सध्या सुपारीएवढी आहे, तिच्यावर मुंग्या येऊ लागल्या आहेत आणि टोकाला गुलाबी रेघ दिसते. आज बारा तारीख. काकूंची पुढची फेरी सोळाला आहे, ती याच ओळीपासून सुरू होते. अर्ज प्रलंबित आहे.