सात हजार तीनशे पाच टक्

काकांनी पितळी खेळण्यावर पान्हा उचलला आणि भाचीने धावत येऊन त्यांचा हात धरला.

"अहो काका, मोडताय कशाला?"

"मग काय लोणचं घालू त्याचं? भंगारवाल्याला तरी उपयोगी पडेल."

काका म्हणजे मावशीचे यजमान. कारखान्यात गिअर कापायचे. बरोब्बर वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मावशीला स्वतःच्या हातचं हे खेळणं दिलं होतं. पितळेची चार चाकं, प्रत्येकावर एक रंगवलेलं पाखरू. मूठ एक टक् फिरवली की चारही चाकं एकेक दात पुढे. दिलं तेव्हा चारही पाखरं समोर बघत होती. काका ऐटीत म्हणाले, "फिरवत राहा, पुन्हा जमतील!" मावशी हसली, "काय हा खुळखुळा!" झालं! काका जे रुसले ते आजतागायत.

"वीस वर्षांत हात लावला नाही तिने," ते पुटपुटले. "आणि मी तर नाहीच नाही."

मग पाखरं अशी चार दिशांना तोंडं करून का बसलीत? भाचीने दात मोजले. तेवीस, एकोणतीस, एकतीस, सदतीस. ती किंचाळलीच.

"काका, सगळ्या मूळ संख्या!"

"मग? तेच तेच दात एकमेकांना भेटले की झिजतात. धंद्याची सवय."

"अहो, यांचा गुणाकार सात लाख पासष्ट हजार एकोणपन्नास! तेवढे टक् झाल्याशिवाय ही चौघं परत भेटायचीच नाहीत!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे देवा. आणि मी म्हणालो, फिरवत राहा!"

पण त्या लठ्ठ संख्येची खरी गंमत पुढेच होती. एवढ्या टक्‌मध्ये पाखरांची प्रत्येक मांडणी एकदाच येते, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे ती आत्ता कुठे आहेत ते बघितलं की किती टक् झाले तेही कळणार! चौदा, सव्वीस, वीस आणि सोळा दात पुढे. तिने वही ओढली. सदतीसने भागून सोळा उरायला हवेत, एकतीसने भागून वीस. चारशे तेवीस! आता ही दोन चाकं जुळलेलीच राहावीत म्हणून त्यात एकतीस गुणिले सदतीस, म्हणजे अकराशे सत्तेचाळीस मिळवत जायचं... सहाव्या उडीला पेन थांबलं. चारही चाकं जुळली.

"सात हजार तीनशे पाच. काका, वीस वर्षांचे दिवस किती?"

"सात हजार तीनशे." काका थबकले. "आणि लीप वर्षांचे पाच."

पान्हा हळूच टेबलावर टेकला. दारात मावशी फडकं घेऊन उभी होती, कानापर्यंत लाल.

"धूळ पुसताना एक टक् करते रोज. तुम्हीच म्हणालात ना, फिरवत राहा?"

"मग सांगायचं नाही?"

"फुगून बसलेल्या माणसाला?"

भाचीला कुठला दम! "मावशी, उलटं फिरवलं ना, तर आजच्या आज चारही समोर! सरळ गेलीस तर रोज एक टक्‌ने अजून दोन हजार चौऱ्याहत्तर वर्षं!"

"खबरदार, माझी वीस वर्षं उलटी फिरवलीस तर!"

काका घसा खाकरून म्हणाले, "उद्याचा टक् मी करणार."

मावशीने फडकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. "आधी धूळ पुसायची. मग टक्."