थंड चुलीचा भात

साल एकोणीसशे सहासष्ट. त्या उन्हाळ्यात आमच्या काचकारखान्याच्या वसाहतीत विस्तवाशिवाय भात शिजला. सगळ्या वसाहतीने पाहिला, मीही पाहिला.

मधल्या मोकळ्या जागेत चादरींचा मांडव घातला होता. पाटावर एक बुटका पितळी हंडा. खाली ना लाकूड, ना कोळसा, ना स्टोव्ह. गावोगाव फिरत आमच्याकडे आलेल्या शीतलमहाराजांनी हंड्यात तांदूळ-पाणी घातलं, झाकण लावलं, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि काठाकाठाने झारीतलं पाणी सोडल्याचा आवाज आला. जरा वेळाने हंडा आतून गुरगुरायला लागला. वाफेचे लोट निघाले. झाकण काढलं, तर भात फुललेला! बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

भात बघून रडायचं काय, असं आज कोणी विचारील. पण आमची घरं पत्र्याची. माणसं दिवसभर भट्टीपुढे भाजून यायची. त्यांना पुन्हा तापलेल्या घरात बसवणं म्हणजे पाप, अशी आमची समजूत. म्हणून भोंगा व्हायच्या कितीतरी आधी चूल विझवायची, भिंतींवर पाणी मारायचं आणि गारढोण जेवण वाढायचं. विस्तवाशिवाय गरम भात, हे आमचं स्वप्नच होतं.

"माय, आग म्हणजे राग!" महाराज गर्जायचे. "चूल पेटली की घर पेटलं, घर पेटलं की कपाळ पेटलं! शीतळ व्हा, माय, शीतळ व्हा!" आणि स्वतः उसाच्या रसाचे पेल्यावर पेले रिचवायचे.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी ही गोष्ट सांगायला बसलेच नसते. पण माझ्या धाकट्या जावेचं तान्हं बाळ जुलाबांनी सुकून चाललं होतं. महाराजांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "याच्या पोटात चुलीचा ताप शिरलाय. उद्या भात शिजला की हंड्यातलं शीतभस्म देतो, दुधातून पाजा. डॉक्टरचं औषध बंद. दोन देव एका देव्हाऱ्यात नांदत नाहीत."

सासूबाईंनी औषधाची बाटली त्याच पावली वरच्या फळीवर ठेवली. धाकटे भाऊजी, म्हणजे बाळाचे वडील, महाराजांची झारी धरायला उभे राहायचे. त्यांनी मान डोलावली. जाऊ माझ्या कानाशी लागली, "अक्का, तुम्ही तरी बोला ना." मी सासूबाईंपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हाही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद सुट्टीला आली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, जिभेला हाड नव्हतं. मी तिला बाळ दाखवलं, सगळं सांगितलं. तिने बाळाचं पोट चिमटीत धरून सोडलं. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, कुठे आहेत हे गारेगार महाराज?"

आम्ही मांडवात पोचलो, तेव्हा भात शिजून झाला होता. महाराजांनी हंड्याच्या काठाच्या फटीत लांब दांडीची पळी घालून पांढरी पूड खरवडली. भाऊजींनी ती चमच्याने दुधात कालवली. जाऊ बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"थांबा," नणंद म्हणाली. "आधी महाराजांनी चमचाभर घ्यावं."

"आम्ही मुळातच शीतल आहोत, बाई."

"मग आणखी शीतल व्हा. नुकसान काय?"

मागून कोणी फिदकन हसलं. लगेच चारजण ओरडले, "मास्तरीणबाई, खाली बसा! शाळा नाही ही!"

सासूबाई उठल्या. "कार्टे, नातवाच्या जिवावर उठलीस माझ्या?"

"आई, मी नाही. तो चमचा उठलाय."

महाराजांनी हात वर केला. "वेळ टळली तर बाळ आमच्या हाती नाही! पाजा, पाजा!"

भाऊजींनी चमचा उचलला. बाळाने तोंड उघडलंच होतं, ते बिचारं तहानलेलं. मला अजूनही बोलता येईना. पण हात होते. मी जावेच्या मांडीवरून बाळ उचललं आणि नणंदेच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. सासूबाईंची नजर माझ्या पाठीत रुतत होती.

"अरे," नणंद भावाला म्हणाली, अगदी हळू. "तुझ्या मनगटावर तो डाग कसला?"

"आता मध्येच काय, ताई?"

"सांग ना."

"चुन्याचा. घामेजल्या हाताने पोतं उचललं होतं."

"आणि तुमच्या गोदामात पाण्याचा तांब्या का नेऊ देत नाहीत?"

"का म्हणजे? काचेला घालायचा कळीचा चुना असतो तिथे. पाणी पडलं की उकळतो, वाफा..."

त्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. मग चमचा बाजूला ठेवून खांद्यावरच्या पंच्याने हंड्याचे कान धरून तो आडवा केला. आतून दुसरं भांडं भातासकट घरंगळलं, आणि दोन्ही भांड्यांच्या मधल्या पोकळीतून पांढरी, फुटलेली, अजून वाफाळणारी ढेकळं पाटावर सांडली.

"हा तर आपला चुना!" कोणीतरी ओरडलं. तिथली निम्मी माणसं रोज तीच पोती वाहायची. कोरड्या हातांनी, फडकं तोंडाला बांधून. गोदामात ज्याला भ्यायची, त्यालाच मांडवात हात जोडून बसली होती.

चमत्कार होता तो एवढाच. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की चुना तापतो, इतका की आतल्या भांड्यातला भात शिजतो. डोळे मिटायला लावायचे ते पाणी कुठे जातं हे दिसू नये म्हणून. आणि शीतभस्म म्हणजे अर्धवट विझलेला चुना. गोदामात राबणाऱ्या गड्याच्या मनगटाची जी गत केली, ती त्याने तान्ह्या बाळाच्या घशाची केली असती.

जाऊ उठली, तिने तो चमचा उचलून लांब भिरकावला आणि घरी जाऊन फळीवरची बाटली काढली.

महाराज त्या गोंधळात पसार झाले. पुढे दुसऱ्या कुठल्या गावी टकलावर केस उगवून देत होते म्हणे. बाळ औषधाने आणि मीठ-साखरेच्या पाण्याने सावरलं. आज त्याला नातू आहे. भाऊजी निवृत्त होईपर्यंत गोदामात येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला पहिल्या दिवशी चुन्यावर पाणी टाकून दाखवायचे. जाऊ परवाच्या हिवाळ्यात गेली. नणंद मुख्याध्यापिका झाली; आता कानाने कमी ऐकते, पण बोलायचं तसूभर कमी केलेलं नाही.

सासूबाई तिच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग एका तापलेल्या दुपारी स्वतःच म्हणाल्या, "विस्तव कमी लागेल असं काही आहे का गं तुझ्या विज्ञानात?" तिने भाताला अंगणात एक चांगली उकळी आणली, भांडं झाकून जाड रजईत गुंडाळलं आणि लाकडी पेटीत बंद करून ठेवलं. आतल्या आत भात शिजला. घर गार, भात गरम. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात सासूबाई शेजारणींना बोलावून ते दाखवायच्या, आणि कोणी हात जोडलेच तर खेकसायच्या, "हात कसले जोडतेस? रजई उघड आणि आत बघ!"

मीही तुम्हाला तेवढंच सांगते.